हेस्टरताईंना डॉकबद्दल विचारावं म्हणून

बेलरीव्ह, होबार्टच्या नदीपलीकडे
ऑगस्ट, ऐन हिवाळा; डोंगरावर बर्फ, अंगणात चिखल

ती. हेस्टरताई यांना लायलचा नमस्कार. दोन्ही हात जोडून केला आहे. उजव्या हातात एक वायर होती, ती आधी खाली ठेवली.

तुमचा गुडघा कसा आहे? बेटावरून आलेल्या मागच्या पत्रात तुम्ही गुडघ्याबद्दल एक ओळ आणि त्या लंगड्या मेंढीबद्दल दीड पान लिहिलं होतं. त्यावरून गुडघा बरा असावा आणि मेंढी नसावी, असं मी धरून चाललो आहे. दोघींनाही माझ्याकडून आराम पडो. तुम्ही पाठवलेली खारवलेल्या मटनबर्ड पक्ष्यांची बरणी पोचली. (ग्वेन असती तर तिने ती मला बाहेर अंगणात शिजवायला लावली असती. यंदा घरातच शिजवली. वास अजून सोफ्यात आहे. नाक मुरडणारं कोणी नसलं की अशा वासालाही काही चव राहत नाही, हे मला माहीत नव्हतं.) तुम्ही फोन फक्त रविवारी सकाळी उचलता आणि तोही आपल्या धाकट्या बहिणीचाच, म्हणजे माझ्या बायकोचा, ग्वेनचा, हे सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. आम्ही जावई माणसं. आम्ही पत्रावर भागवतो.

पत्रास कारण असं की मला एक डॉक घ्यायचा आहे. जहाजांचा नव्हे. तुमच्या घरात संगणक नाही आणि तो आला तर तुम्ही त्यावर कोंबडी बसवाल हे मी जाणून आहे, म्हणून नीट सांगतो. लॅपटॉपला अलीकडे दोन्ही बाजूंना मिळून जेमतेम दोन भोकं ठेवतात. कीबोर्ड, माउस, चार्जर, मोठे मॉनिटर हे सगळं त्याला एकदम जोडायचं तर मध्ये एक डबा लागतो. सगळ्या वायरी त्या डब्यात येतात आणि डब्यातून एकच वायर लॅपटॉपात जाते. सकाळी ती लावली की माणूस कामाला लागला, संध्याकाळी काढली की मोकळा. एवढंच. एखाद्या सासुरवाशिणीने दहा जणांचं ऐकून नवऱ्याला एकच गोष्ट सांगावी, तसं ते काम आहे. पण दुकानात गेलं की असे डबे शेकडो प्रकारचे असतात, दिसायला सगळे एका आईची लेकरं, आणि स्वभावाने एकाचं एकाला मिळत नाही.

आता याची गरज मला का पडली? तर ग्वेनच्या टेबलामुळे. उन्हाळ्याच्या शेवटी ती दक्षिण ध्रुवाकडच्या ठाण्यावर वर्षभरासाठी हवामानाचे फुगे सोडायला गेली तेव्हा तिच्या कचेरीने तिचा संगणक परत नेला, त्याचा डॉकही नेला. मात्र तिचे दोन मोठे मॉनिटर तिचे स्वतःचे, म्हणून ते खिडकीजवळच्या टेबलावर तसेच राहिले. मागून वायरी लोंबत होत्या. कित्येक महिने मी त्या टेबलाला हात लावला नाही. धूळ मात्र पुसायचो. (धूळ पुसताना वायरींना एका बाजूला सारायचो आणि नंतर परत होत्या तशाच ठेवायचो. हे तुम्ही ग्वेनला सांगू नका. कोणालाच सांगू नका.)

मी काम करत होतो जेवणाच्या टेबलावर, नुसत्या लॅपटॉपवर. माझं काम तुम्हाला ठाऊक आहेच: बसगाड्यांची वेळापत्रकं. हे काम एका छोट्या स्क्रीनवर करणं म्हणजे मुंग्यांना रांगेत उभं करणं. एका बाजूला नकाशा हवा, दुसऱ्या बाजूला वेळांचा तक्ता. नकाशा उघडला की तक्ता झाकायचा, तक्ता उघडला की नकाशा. मी डोळे बारीक करकरून बघायला लागलो तेव्हा शेजारच्या व्हर्नने विचारलं, की बाबा, तू माझ्याकडे असा संशयाने का बघतोस? डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चष्मा ठीक आहे, स्क्रीन मोठा करा. घरात दोन मोठे स्क्रीन नुसते पडून आहेत हे मी त्यांना सांगितलं, आणि मग त्या माझ्याकडे ज्या नजरेने बघत राहिल्या तिला उत्तर म्हणून मी शनिवारी ग्वेनच्या खुर्चीवर बसलो. खुर्ची माझ्यासाठी फार उंच होती. तिची उंची मी कमी केली नाही. पायाखाली फोन-डिरेक्टरी घेतली.

मग दुकानात गेलो. तिथे डोरीन नावाच्या बाई आहेत, माझ्याच वयाच्या, अतिशय प्रेमळ. त्यांची पद्धत अशी, की आपण काहीही विचारलं तरी खोका उचलून त्यावरचा मजकूर आपल्याला मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि शेवटी 'असं म्हणताहेत बरं का' म्हणून आपलं अंग काढून घ्यायचं. दोन मॉनिटर चालतील का विचारलं तर त्यांनी एक साबणाच्या वडीएवढी वस्तू दिली. खोक्यावर एका आनंदी कुटुंबाचं चित्र होतं. घरी येऊन जोडली. डावा मॉनिटर लागला. उजवा काळा. वायरी बदलल्या, तर उजवा लागला आणि डावा काळा. वडीला मॉनिटरचं भोकच एक होतं. दुसरं जे मी समजत होतो ते कॅमेऱ्याच्या कार्डाचं निघालं, आणि त्यात मी वायर ज्या निष्ठेने घुसवत होतो त्यामुळे ते आता कार्डाचंही राहिलेलं नाही.

ते ग्वेनला सांगितलं तेव्हा ती खूप हसली. इथे एक गोष्ट मला लिहायलाच हवी. दक्षिणेकडे बोलताना आवाज जरा मागून पोचतो. आपण बोलतो, मग एक पोकळी, मग तिकडून उत्तर. अशा वेळी 'तुझी फार आठवण येते' असलं वाक्य बोलून बघा. ते वाक्य त्या पोकळीत एकटंच उभं राहतं, आपण आपल्याच स्वयंपाकघरात ओशाळे होतो, आणि उत्तर यायच्या आत घाईघाईने पावसाबद्दल बोलायला लागतो. डॉकबद्दल बोलताना तसं होत नाही. डॉकबद्दल बोललेलं पोकळीतसुद्धा बरं दिसतं. म्हणून मग प्रत्येक फोनला मी तिला डॉकची हकीकत सांगायला लागलो, आणि खरं सांगू का, पुढच्या फोनला सांगायला काहीतरी असावं म्हणूनही मी दुकानात चकरा वाढवल्या.

दुसरा डॉक चांगला जाडजूड होता. एखाद्या धर्मग्रंथासारखा. मॉनिटरसाठी दोन भोकं, मी दुकानातच बोट घालून मोजली. घरी जोडला, दोन्ही मॉनिटर एकदम उजळले, आणि मी एकटाच टाळ्या वाजवून बसलो. मग पाहतो तर दोन्हींवर नकाशा. तक्ता उघडला तर दोन्हींवर तक्ता. डावीकडे जे, तेच उजवीकडे. व्हर्नला बोलावलं. (व्हर्न जन्मभर धक्क्यावर क्रेन चालवत होता, त्यामुळे उचलता येणाऱ्या प्रत्येक वस्तूबद्दल आपल्याला कळतं अशी त्याची समजूत आहे.) त्याने डॉक उचलला, हातात तोलला, वजन बरं आहे म्हणाला, आणि खाली ठेवला. त्याच्या मते बिघाड माझ्यात होता. बायको दक्षिण ध्रुवाकडे गेली आणि हा तिच्या टेबलावर टीव्हीचं दुकान मांडतोय, अशा अर्थाचं तो काहीतरी बोलला आणि माझी स्कॅलप-शिंपल्यांची पेस्ट्री खाऊन गेला. पुढे आमच्या कचेरीतल्या संगणकवाल्यांनी खुलासा केला की माझ्या जातीच्या लॅपटॉपला एका वायरीतून दोन वेगळी चित्रं पाठवताच येत नाहीत. तो एकच चित्र पाठवतो, मग डॉकने ते हवं तेवढ्या जणांना वाटावं.

हा डॉक मी दुसऱ्या दिवशी परत करणार होतो. पण दुसऱ्या दिवशी ग्वेनचा फोन आला, आणि हवा चांगली असल्यामुळे चित्रासकट आला. हेस्टरताई, ती दोन्ही मॉनिटरवर आली. डावीकडे ग्वेन, उजवीकडे ग्वेन. कान लाल झालेली, केस कोणीतरी स्वयंपाकघरातल्या कात्रीने कापलेले, तोंडात टोस्ट. घरात एक बायको नव्हती तिथे एकदम दोन झाल्या, आणि दोघीही मला विचारत होत्या की मी असा एका दाराकडून दुसऱ्या दाराकडे मान फिरवल्यासारखा का बघतोय. मी कारण सांगितलं नाही. डॉक मात्र परत केला नाही. परतीची मुदत होती तोवर मी त्याचा खोका दिवाणखान्यात समोर ठेवून रोज त्याच्याकडे बघत होतो, मुदत गेली आणि मला हायसं वाटलं.

त्याच फोनवर एक घडलं ते सांगतो, तसं ते डॉकशी संबंधित नाही. तिच्या मागून कोणीतरी गेलं. ती लोकं तिथे दिव्याखाली भाजी पिकवतात. ग्वेनने मान मागे वळवून त्या माणसाला म्हटलं, 'पुढच्या हिवाळ्यात टोमॅटो आधीच लावून टाकू.' आणि मग माझ्याकडे वळून मटनबर्डची बरणी पोचली का विचारलं. पोचली म्हणालो. दोन्ही ग्वेन बरं म्हणाल्या. पुढचा हिवाळा तिने इथे, या घरात, काढायचा आहे. आमच्या अंगणात टोमॅटो होत नाहीत, तुम्हाला माहीत आहे, वारा आहे. पण म्हटलं असेल बोलण्याच्या ओघात. माणूस बोलून जातो.

तिसरा डॉक व्हर्नने आणला, त्याच्या जावयाचा, उसना. याला एक वेगळी युक्ती असते: लॅपटॉपवर आधी एक प्रोग्राम चढवायचा, मग तो लॅपटॉपला न कळत दुसरं चित्र गुपचूप डॉककडे पोचवतो. कचेरीच्या परवानगीशिवाय माझ्या लॅपटॉपवर काही चढवता येत नाही. परवानगी मागितली तर त्यांनी कारण विचारलं. कारण दिलं तर जास्त सविस्तर कारण विचारलं. शेवटी मी खुलासा लिहायला बसलो आणि तो लिहिता लिहिता खिडकी, नदी, पलीकडच्या धक्क्यावरची तिच्या जहाजाची रिकामी जागा वगैरे त्यात यायला लागली, तेव्हा तो पाठवला नाही, फक्त 'डोळे' एवढंच लिहिलं. परवानगी आली.

आणि मग दोन मॉनिटर, दोन वेगळी चित्रं. एकीकडे नकाशा, एकीकडे तक्ता. मला इतकं उदास वाटलं म्हणून सांगू; आता फोनवर ग्वेनही एकच दिसणार. शिवाय मॉनिटर उलटे लागले होते, म्हणजे माउसचा बाण डावीकडे ढकलला की तो नाहीसा व्हायचा आणि पलीकडून उजव्या कडेने आत यायचा, मागच्या दाराने येणाऱ्या पाहुण्यासारखा. हे दुरुस्त करता येतं असं म्हणतात. मी दुरुस्त करायच्या आधीच कामाला लागलो, त्या कडेवर एक बस माझ्या हातून सुटली, आणि ती शुक्रवारची बस रविवारात जाऊन पडली. त्या रविवारी एक बस समुद्रकाठच्या थांब्यावर दिवसभर उभी होती. ड्रायव्हरला वाटलं शाळेची सहल असणार. सहल आली नाही. त्याने डबा खाल्ला, वर्तमानपत्र वाचलं, लाटा बघितल्या, आणि सोमवारी येऊन आमच्या कचेरीत विचारलं की ही फेरी कायमची करता येईल का. साहेब माझ्याशी अत्यंत सभ्यपणे बोलले. ते सभ्यपणे बोलतात तेव्हा फार लागतं.

आता जावयाचा डॉक परत द्यायची वेळ आली आहे आणि मला स्वतःचा घ्यायचा आहे. म्हणून परवा पुन्हा डोरीनबाईंकडे गेलो. मी दारातून येताना दिसलो की त्या हल्ली किटली लावतात. मी सगळं सांगितलं, त्यांनी सगळे खोके वाचले, आणि दोन उरले. दोन्ही माझ्या लॅपटॉपला चालतात, दोन्ही मॉनिटर वेगवेगळे दाखवतात. फरक एवढाच की एक लहान आहे, एका लॅपटॉपचा. दुसरा मोठा, त्याला दोन लॅपटॉप लागतात आणि वर एक बटण असतं. बटण दाबलं की टेबल याचं, पुन्हा दाबलं की तिचं. एका टेबलावर दोघं आळीपाळीने काम करू शकतात. डोरीनबाईंनी दोन्ही खोके माझ्यापुढे ठेवले आणि अगदी सहज विचारलं,

'तुम्ही एकटेच असता, की घरात आणखी कोणी आहे?'

खोक्यावर असं काही लिहिलेलं नव्हतं. हे त्यांनी मनाने विचारलं. मी म्हणालो, विचार करून सांगतो. त्यांना वाटलं असेल हा माणूस वेडा आहे. घरात कोण आहे हे विचार करून कोण सांगतं? मी चहा तसाच ठेवून बाहेर आलो, फेरीबोट चुकली, आणि पुढच्या बोटीची वाट बघत धक्क्यावर बसून राहिलो.

तर मोठ्या बहिणीच्या नात्याने तुमचा सल्ला हवा आहे: लहान घेऊ की मोठा? तुम्हाला यातलं काही कळत नाही हे मला माहीत आहे, पण आपल्या घरात कोणतीही वस्तू तुम्हाला विचारल्याशिवाय घेतली की ती बिघडते, असा माझा पंचवीसएक वर्षांचा अनुभव आहे. मेंढ्यांना आशीर्वाद. गुडघ्याला गरम शेक द्यावा, वाऱ्यात फिरू नये, आणि माझ्यावर असलेली माया (असेल तर) तशीच ठेवावी.

आपला नम्र,
लायल

ता. क. डॉकचं एवढं मनावर घेऊ नका. खरं विचारायचं ते वेगळंच आहे. ग्वेन रविवारी तुमच्याशी बोलते. मला जे सांगत नाही ते ती तुम्हाला सांगते, लहानपणापासून सांगत आली आहे आणि त्यात माझा काही राग नाही. ती पहिल्या जहाजाने परत येते आहे, की आणखी एक हिवाळा तिथे राहण्यासाठी तिने नाव दिलं आहे? तुम्हाला माहीत असेल तर एका ओळीत कळवा. 'मोठा' किंवा 'लहान' एवढाच शब्द लिहिलात तरी मी समजेन. कार्डावर लिहिलंत तरी चालेल, पोस्टमनला वाटेल मेंढीबद्दल आहे.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवलं होतं ते किटलीच्या वाफेवर धरून पुन्हा उघडलं. आज दुपारी ग्वेनचा फोन आला, नुसत्या आवाजाचा. मी नेहमीसारखी डॉकची हकीकत सुरू केली, डोरीनबाईंच्या दोन खोक्यांपर्यंत आलो, आणि तिथे अडलो. मग डोरीनबाईंचा प्रश्न मी तिलाच विचारला. एकट्याचा घेऊ की दोघांचा?

पोकळी आली. नेहमीची असते ती संपली तरी ती संपली नाही. मला वाटलं लाइन गेली. मग ती म्हणाली की तिला आणखी एक हिवाळा राहाल का म्हणून विचारलं आहे, बरेच दिवस झाले, आणि तिला शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे.

'मला वाटलं तुझं बरं चाललंय,' ती म्हणाली. 'प्रत्येक फोनला माझ्या टेबलाबद्दल इतकं खुशीत बोलतोस. आज हा डबा, उद्या तो डबा. म्हटलं, बसलाय बिचारा मजेत, कशाला उठवा.'

मी म्हणालो, 'ग्वेन, मी टेबलाबद्दल बोलत नव्हतो.'

'मग कशाबद्दल बोलत होतास एवढे महिने?'

मला पाऊस, नदी, व्हर्न, सगळं आठवलं, ते सगळं बाजूला सारलं.

'घरी ये,' मी म्हणालो.

हे एवढंसं वाक्य दक्षिणेपर्यंत जाऊन परत यायला किती वेळ लागतो, ते मी आता कोणत्याही वेळापत्रकात लिहून देऊ शकतो. तिने नाक ओढलेलं ऐकू आलं. तिकडे सर्दी नसते असं ती नेहमी सांगते.

'मग आधी माझ्या खुर्चीतून ऊठ,' ती म्हणाली.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. वरच्या प्रश्नाचं उत्तर आता नको. तीच म्हणाली की हे तुम्हाला कधीचं माहीत आहे, आणि तुम्ही तिला एवढंच सांगितलंत की नवऱ्याला विचार, मला मेंढ्या आहेत. आभारी आहे. दोघांच्या डॉकबद्दल तिचं मत असं पडलं की त्याला बटण एकच असतं, आणि ते कोणाच्या हाताशी ठेवायचं यावरून आपण म्हातारे होईतो भांडू. तेव्हा तू लहान घे आणि तुझं बस्तान जेवणाच्या टेबलावर हलव. तसा लहान घेतला. डोरीनबाईंना सांगितलं, घरात दोघं असतो. त्या म्हणाल्या, मग लहान का घेताय? मी या वेळी चहा पूर्ण प्यायलो.

आता फक्त एक काम करा. येत्या रविवारी तिचा फोन येईल, तेव्हा शुक्रवारी तिने तिकडे खरोखर 'नाही' कळवलं ना, हे सहज विचारल्यासारखं विचारा. मी विचारलं म्हणून सांगू नका. जहाज यायला अजून बराच अवकाश आहे. मी तिचं टेबल पुसून रिकामं केलं आहे आणि जेवणाच्या टेबलावर बसून हे लिहितो आहे. इथून ते टेबल मागच्या बाजूला येतं. वळून वळून मान अवघडली आहे.